सुभेदाराची एकादशी

सगुणाबाईला साखर झाली ही बातमी कामथडीत सगुणाबाईच्या आधी साळूबाईला लागली. त्याला कारणही तसंच होतं. दोघींच्या मोऱ्या एकाच भिंतीला पाठ लावून होत्या, आणि सगुणाबाईच्या मोरीकडे निघालेली मुंग्यांची रांग साळूबाईच्या उंबऱ्यावरून जात होती. साळूबाई दोन दिवस ती रांग बघत बसली. तिसऱ्या दिवशी पाण्याला निघालेल्या बायकांना म्हणाली, "सगुणीच्या घरात गोड झालंय बरं का." आणि मग तोंडाला पदर लावून हसली.

आता दुसरी कुणी असती तर लाजली असती. पण सगुणाबाईचं माहेर राजगडाखालची पाली, आणि तिकडची माणसं हटून बसली की गड हलेल, ती हलायची नाहीत, असं तिचा नवरा रखमाजी नेहमी म्हणायचा. रखमाजी पुणे-सातारा सडकेवर मुकादम. वीस माणसांच्या टोळीला दमात घेणारा हा गडी घरी आला की आधी बाहेरूनच अंदाज घ्यायचा, आत वारा कुठल्या बाजूचा आहे त्याचा.

झालं होतं असं, की भातलावणीत सगुणाबाईच्या पायाच्या अंगठ्यात काटा मोडला. काटा निघाला, जखम निघेना. हळद झाली, चुना झाला, कुणीसं सांगितलेला पाला वाटून लावून झाला. गणपती गेले, पितृपंधरवडा लागला, तरी अंगठा आपला ओला तो ओलाच, आणि कडेनं काळा पडायला लागलेला. तेव्हा रखमाजीनं आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर आवाज चढवला आणि तिला एसटीत घालून भोरला नेली.

भोरच्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकले, खाली स्पिरिटचा दिवा धरला. बघता बघता निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी विटेसारखं लालभडक होऊन थांबलं. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल. नाही घेतली तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल जाईल, मग तुम्ही जाल."

"मंग जाईन," सगुणाबाई म्हणाली. "पर सुई घ्येनार न्हाई."

हा नुसता हट्ट नव्हता. तिनं सुईनं माणूस जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रखमाजीचा धाकटा भाऊ चिमाजी. बायको लवकर गेली, पोरबाळ नाही, भावाच्याच घरी राहायचा. गळ्यात माळ, खांद्यावर वीणा. कामथडीच्या भजनी मंडळाचा तो वीणेकरी. त्याला साखर झाली, पुण्याच्या डॉक्टरांनी सुई दिली, आणि चौथ्याच दिवशी, कार्तिकी एकादशीला, चिमाजी गेला. गावानं त्याचा काय गौरव केला म्हणून सांगू! एकादशीचं मरण आणि तेही कार्तिकीचं. दुपारपासून तो घामानं डबडबला होता, हात कापत होते, डोळे लागत होते आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. भजनी मंडळाचे म्होरके सोपानबुवा त्याच्या उशाशी बसले होते. ते बाहेर येऊन गहिवरून म्हणाले, "पांडुरंगाशी बोलतोय." तेव्हापासून दर कार्तिकीला रखमाजीच्या ओसरीवर चिमाजीच्या नावानं भजन व्हायचं. गाव म्हणायचं, पुण्यवान गडी. सगुणाबाई मनात म्हणायची, कसला पुण्यवान, सुईनं खाल्ला त्याला.

तरी रखमाजीनं औषध आणलंच. इन्सुलिनची बाटली, काचेची पिचकारी, तपासायची नळी आणि निळं पाणी. बाटली गारव्याला ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून त्यानं ती फडक्यात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली. सगुणाबाई रोज त्या माठातलं पाणी प्यायची आणि खाली बघायची नाही. नळी मात्र तिला आवडली. रोज सकाळी ती चुलीवर निळं पाणी उकळायची, विटेचा रंग आला की नळी खिडकीत उभी करायची आणि म्हणायची, "हाय तसंच हाय." म्हणजे तपासणी अगदी नेमानं, औषधाचं तेवढं नाव नाही.

आणि मग सुभेदार आजारी पडला.

सुभेदार म्हणजे या घरचा बोका. रंगानं पिवळा, अंगानं पोत्यासारखा, आणि मिशा अशा की नाव दुसरं ठेवताच आलं नसतं. घर माळकरी, म्हणून त्याला मासळीचा वासही नाही. दूध-भाकरी हेच त्याचं जेवण. चोरून उंदीर खायचा, पण ते त्याचं खासगी होतं. भजनाला मात्र न चुकता यायचा, पखवाजाच्या शेजारी बसायचा आणि प्रसादाच्या शिऱ्यावर सगळ्यांच्या आधी हक्क सांगायचा. सोपानबुवा कौतुकानं म्हणायचे, मागल्या जन्मीचा टाळकरी असणार. शिऱ्यावरचा जीव बघून तसं वाटायचंही.

घट बसले आणि सुभेदार वाळायला लागला. खाई खाई करायचा आणि पाठीचा कणा वर यायचा. गुरांच्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा. चुलीमागच्या राखेत तो लघवीला जाई. एके सकाळी सगुणाबाई राख काढायला वाकली तर तिथं मुंग्या. ती वाकलेलीच राहिली. मग तिथंच फतकल मारून बसली आणि बोक्याला मांडीवर ओढून घेत म्हणाली, "मुडद्या, माझीच बेमारी घ्यायला गावली व्हय रं तुला?"

आणि तिच्या डोळ्याला पाणी आलं. स्वतःच्या अंगठ्यासाठी तिनं एक टिपूस गाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटीत बोका, वर लुगड्याचा तुकडा बांधलेला, मागून रखमाजी, अशी स्वारी भोरला निघाली. कंडक्टरनं विचारलं, पाटीत काय? सगुणाबाई म्हणाली, कोंबडी. त्याच घटकेला कोंबडीनं असा काही हंबरडा फोडला की अर्धी एसटी उठून उभी राहिली. कंडक्टर भला माणूस होता, त्यानं कोंबडी म्हणूनच चालवून घेतलं.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजवर बैल पाहिले, म्हशी पाहिल्या, पिसाळलेलं कुत्रं पाहिलं. मांजर घेऊन कुणी दारात आलं नव्हतं. बाईनं मुंग्यांची हकिकत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी बोक्याच्या पायातून थोडं रक्त काढलं, ओळखीच्या तपासनिसाकडे पाठवलं, आणि पुढच्या आठवड्याला सांगितलं, "बाई, साखरच आहे. आणि भरपूर आहे. पुन्हा पुन्हा रक्त काढणं काही जमायचं नाही, घरी लघवी तपासत जा. औषध माणसाचंच लागेल, इन्सुलिन. पण ते मिळायचं कुठनं, आणि टोचायचं कुणी?"

"बाटली हाय घरात," सगुणाबाई म्हणाली. "पडूनच हाय."

डॉक्टरांनी पिचकारीवरच्या दोन बारीक रेघा दाखवल्या. एवढंच द्यायचं, जास्त नाही. मानेची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्याखाली सुई घालायची. आणि मग बोट वर करून म्हणाले, "आधी पोटभर खाऊ घाला, मग टोचा. खाल्लं नाही तर टोचू नका. कधी लडखडला, थरथरायला लागला, तर हिरड्यांना गुळाचं पाणी चोळा. विसरू नका."

परतताना सगुणाबाई रखमाजीला म्हणाली, "साखर झालेल्याला गूळ द्या म्हनतोय! गुरांचाच डाक्तर शेवटी."

"मंग सुई तरी कशाला देतीस त्याला?" रखमाजीनं भीत भीत विचारलं. "सुईनं जातं म्हनतीस ना तू?"

"त्याचं मरान आलंच हाय. म्या काय त्याचं घालवनार?"

"आन् तुझं?"

"माझं म्या बघंन," असं म्हणून तिनं एसटीच्या खिडकीबाहेर तोंड केलं, ते कापूरहोळ आलं तरी वळवलं नाही.

झालं. कामथडीत एक नवा नेम सुरू झाला. पहाटे उठून सगुणाबाई पातेल्यात पिचकारी उकळायची. सुभेदाराला भाकरी कुस्करून दूध घालायची. तो मिशा पुसायला लागला की वाळूतली बाटली काढायची, दोन रेघा भरायची, उजेडाला धरून बुडबुडा बघायची, आणि मानगूट उचलून अशी सफाईनं सुई घालायची की बोका जांभई अर्धी सोडत नसे. रखमाजी शेजारी उभा असायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. लघवी धरण्यासाठी तिनं राख बंद केली, तिरक्या परातीत ओढ्यातले गोटे भरले. सुभेदार गोट्यांवर बसला की खालच्या कडेला जे साचेल ते काचेच्या नळीत. पहिले दिवस वीट, मग नारिंगी, मग पिवळं, आणि दिवाळीच्या आत एका सकाळी नळीतलं पाणी निळ्याचं निळंच राहिलं.

भोरहून आणखी एक नळी आणली, आणि खिडकीत आता दोन नळ्या उभ्या असायच्या. एक निळी, सुभेदाराची. एक विटकरी, मालकिणीची. साळूबाई बघायला आली तेव्हा तिनं हनुवटीला हात लावला. "अगं बया, बोका बरा झाला आन् तू अशी?"

"त्याचं अंग हलकं हाय," सगुणाबाई म्हणाली.

खरी गंमत भोरला व्हायची. अंगठा दाखवायला ती गेली की डॉक्टर विचारायचे, "सुई रोज देता ना?" "रोज सकाळी," ती म्हणायची, "एक दिस चुकत न्हाई." आवाज असा खणखणीत की त्यांना शंकाच येऊ नये. डॉक्टर नळीतली वीट बघायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि डोस वाढवायचे. सुभेदाराला फरक पडत होता आणि सगुणाबाईचा डोस चढत होता, असा सगळा कारभार चालला होता. रखमाजी बाकावर बसून छताकडे बघायचा. अंगठा मात्र कुणालाच फसला नाही. तो काळा पडत पडत बोटाच्या मुळापर्यंत आला.

आणि दिवाळीच्या आधीची एकादशी आली.

या घरात एकादशी म्हणजे एकादशी. अन्नाला कुणी शिवायचं नाही. माणसांना साबुदाणा, रताळी, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची आमटी. आणि मांजराला? माळकऱ्याचं मांजर तेही. त्याला भाकरी नाही. साबुदाणा तो हुंगून सोडून द्यायचा, म्हणून त्याच्या ताटलीत पळीभर पाणी घातलेलं दूध. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. गावाला त्याचं कोण कौतुक! म्हणजे खरा उपास या घरात एकटा बोकाच करत होता, बाकीच्यांचा फराळ व्हायचा.

त्या सकाळी सगुणाबाईनं डॉक्टरांचं सांगणं मोडलं का? तिच्या मते नाही. खाल्ल्यावर टोचा म्हणाले होते. एकादशीला दूध हेच खाणं. त्यानं दूध चाटलं, तिनं दोन रेघा भरल्या आणि टोचलं. मग स्वतः दोन रताळी आणि गूळ घातलेली राजगिऱ्याची लापशी खाऊन ती भात झोडपायला खळ्यावर गेली.

दुपारी पाणी प्यायला घरी आली तर सुभेदार ओसरीवर. उठायला बघतोय आणि मागचे पाय त्याचे नाहीतच. भिंतीला टेकला, घसरला. अंगावर कापरं भरलं होतं. तोंडातून लाळ. बुबुळं अशी मोठी झालेली की डोळ्यात पिवळं काही उरलंच नव्हतं.

"अवं!" सगुणाबाई किंचाळली. "गेला! सुईनं गेला वं माझा सुभेदार!"

रखमाजी धावत आला. ती बोक्याला उराशी धरून हेलकावे घेत होती आणि रडता रडता बोलत होती, "म्या सांगत हुते, सांगत हुते का न्हाई? सुई खाती मानसाला. आता तरी पटलं का तुमाला?" खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडी जिंकल्याची धारही होती. आपलं खरं ठरलं याचं समाधान माणसाला कुठल्याही दुःखात सोडत नाही.

"गूळ," रखमाजी म्हणाला. "गुळाचं पानी सांगितलं हुतं त्यांनी."

"आज एकादस हाय, आन् त्याला साखर हाय! गूळ घालून मारता का त्याला?"

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि सगुणाबाई थांबली. असं थांबली की रखमाजीला वाटलं आता हीच पडते. तिचे ओठ हलत होते. हे वाक्य तिनं आधी कधीतरी म्हटलं होतं. याच ओसरीवर म्हटलं होतं.

मग तिनं बोका त्याच्या हातात कोंबला, आत धावली, डब्यातला गुळाचा खडा तांब्यात चुरडला आणि बोटानं ते पाणी सुभेदाराच्या हिरड्यांना चोळायला लागली. चोळत राहिली. त्यानं तिचं बोट चावलं तरी चोळत राहिली. थोड्या वेळानं जीभ हलली. मग त्यानं बोट चाटलं. मग तळवा. लाह्या फुटायला लागाव्यात तसे त्याचे कान एकेक उडायला लागले. घटकाभरात सुभेदार उठला, ओरडून भाकरी मागू लागला, आणि सगुणाबाईनं भर एकादशीला शेजारून बाजरीची भाकरी आणून त्याच्यापुढं ठेवली.

ती आणायला गेली होती साळूबाईकडेच. म्हणजे गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी सोपानबुवा आले. बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "वयनी, हे काय साधं न्हाई. एकादशीला, भर दुपारी, बुबुळं फिरलेली, अंगाला कंप. समाधी लागली हुती त्याला. चिमाजीला लागली हुती, अगदी तश्शीच."

"अगदी तश्शीच," सगुणाबाई म्हणाली आणि आत निघून गेली.

त्यानंतर दिवाळीभर बोक्याच्या दर्शनाला माणसं यायला लागली. कामथडीची आली, नसरापूरची आली. कुणी हळदीकुंकू वाहिलं. आणि येताना मोकळ्या हातानं कोण येणार? पेढे! करंज्या! अनारसे! सुभेदाराला आपली किंमत लोकांना इतक्या उशिरा का होईना कळली याचा फार आनंद झालेला दिसत होता. सगुणाबाई हातात केरसुणी घेऊन दारात बसली आणि भाविकांना पिटाळत राहिली. एरवी तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या, पण ती बोलतच नव्हती. दोन नळ्या उकळायच्या, खिडकीत ठेवायच्या, बोक्याला पोटभर घालून टोचायचं आणि स्वतःच्या पायाला फडकं बांधून गप्प बसायचं. आता सुईची भीती नव्हती. आता दुसरंच काही होतं, आणि त्याच्यापुढं अंगठा जातो की राहतो याची तिला फिकीरच उरली नव्हती.

शेवटी रखमाजीनं भाताच्या खळ्यावर तिला गाठली. तिथं ओरडली तरी ऐकायला कुणी नव्हतं.

"काय झालंय तुला? सुई मारत न्हाई हे बघितलंस ना डोळ्यांनी? मंग घेत का न्हाईस?"

सगुणाबाईनं हातातली पेंढी खाली ठेवली. "भावजींनी त्या दिशी माझ्याकडं गूळ मागितला हुता," ती म्हणाली. "तुमी सडकंवर हुता. घाम फुटला हुता त्येंना, हात कापत हुते. म्हनले, वयनी, जीव जातोय, गुळाचा खडा द्या. दोन येळा मागितला. म्या म्हनलं, एकादस हाय आन् साखर हाय, गूळ घालून मारू का तुमाला? पहाटं सुई घेतली हुती त्येंनी, आन् मंग निर्जळी. पान्याचा घोट न्हाई. सुईनं न्हाई मारलं वं. म्या मारलं. आन् तीन वर्सं सुईला शिव्या देत बसले."

रखमाजी तिथंच खाली बसला. त्याचा एकुलता एक भाऊ होता तो. भाताच्या राशीत त्यानं हात खुपसला, मूठ भरली, सोडली. मग रडला. मोकळेपणानं, बाप्याला शोभत नाही म्हणतात तसा. आणि डोळे पुसून म्हणाला, "तुला ठावं नव्हतं. मला बी न्हाई. पर आता ठावं झालंय. आता त्याच्यापायी दुसरं मानूस घालवलंस माझ्या घरातलं, तर मंग खरंच तू मारलंस असं म्हनंन म्या."

हे ऐकून ती उठली. दुसऱ्या दिवशी दोघं भोरला गेली.

डॉक्टरांनी नळी बघितली, सवयीनं आठ्या घातल्या आणि डोस वाढवायला लेखणी उचलली. सगुणाबाई म्हणाली, "सायेब, वाढवू नका. आतापतूर म्या एकबी घेतली न्हाई."

"मग रोज सकाळी देत होता ती?"

"बोक्याला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. "मी वाढवलेला डोस त्या मांजराला...?"

"छ्या! त्याला त्याच्या डाक्तरांचा डोस. दोन रेघा. तुमचा नुसता कागदावर हुता."

डॉक्टर आधी लाल झाले, मग हसले, आणि मग अंगठा उघडून बघितल्यावर त्यांचं हसू गेलं. अंगठा काढावाच लागेल, म्हणाले. पाऊल वाचेल, आजपासून सुई घेतलीत तर. त्यांनी पहिल्यापासूनचा लहान डोस लावून दिला, आणि बोट वर करून सांगायला लागले, "आधी पोटभर खायचं..."

"ते मला सांगू नका," सगुणाबाई म्हणाली. "ते मला येतंय."

कार्तिकी एकादशीला सकाळीच रखमाजीच्या ओसरीवर भजनी मंडळ जमलं. चिमाजीची वीणा मधोमध ठेवली होती, तिला हार घातला होता. अंगठ्याच्या जागी पांढरं फडकं बांधलेला पाय पसरून सगुणाबाई दाराशी बसली होती. सुभेदार पोट भरून, टोचून घेऊन, पखवाजाला टेकून झोपला होता. सोपानबुवांनी डोळे मिटून चिमाजीचं पुण्यस्मरण सुरू केलं, की कसा घाम आला, कसा देह कापला, आणि मुखानं कसा भगवंताशी संवाद चालला होता.

तेवढ्यात त्यांना भाकरीचा वास आला.

डोळे उघडून बघतात तो सगुणाबाई ताट पुढ्यात घेऊन बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खात होती. सगळ्यांदेखत. सावकाश, एकेक घास. टाळ जागच्या जागी थांबले. साळूबाईचा हात हनुवटीला गेला.

"वयनी!" सोपानबुवा ओरडले. "आज? चिमाजीच्या दिशी? आवं, हितं बसून तो पांडुरंगाशी बोलत हुता!"

सगुणाबाईनं घास गिळला.

"माझ्याशी बोलत हुते, बुवा," ती म्हणाली. "गूळ मागत हुते. म्या दिला न्हाई."

सोपानबुवा वीणेकडे बघत राहिले. उशाशी बसून त्यांनीही ते पुटपुटणं ऐकलं होतं. सगुणाबाईनं उरलेली भाकरी भाजीला लावून संपवली, ताट बाजूला सारलं, पदर सावरला आणि दंड उघडा करून रखमाजीपुढं धरला.

"टोचा आता," ती म्हणाली. "खाऊन झालंय माझं."